शाळा सोडल्याचे कारण

यंदाही फाटकावरच्या फळ्यावर पेंटरने आकडा रंगवला :
शहाण्णव पूर्णांक चार.
दशांशचिन्ह जरा मोठंच झालंय, लाडवाएवढं.
टिपणीसबाई म्हणाल्या, राहू दे, लांबून दिसेल.

पाहुणे आले. प्रयोगशाळा पाहिली,
मुलींनी केलेलं यंत्र पाहिलं, जे फक्त उजवीकडेच वळतं,
वाचनालयात चपला काढून गेले
आणि विचारलं, गोवंडीत हे साधलंत कसं?
बाईंनी सांगितलं : शिक्षक, पालकसभा, शनिवारचे जादा तास.
मला कुणी विचारलं नाही. बरोबरच आहे.
मी लिपिक. बावीस वर्षं दाखले लिहितोय.
पालिकेने शाळा संस्थेला चालवायला दिली तेव्हा
पंखे, बाकं आणि मी
आहे त्या स्थितीत हस्तांतरित झालो.

विचारलं असतं, तर जनरल रजिस्टर काढलं असतं.
शेवटचा रकाना : शाळा सोडल्याचे कारण.
जुन्या पानांवर माझंच अक्षर, वळणदार.
सतत गैरहजर. गावी गेले. सतत गैरहजर.
वरीलप्रमाणे.
मग नुसती दोन टिंबं, दोन टिंबं,
पान संपेपर्यंत मुंग्यांची रांग.
देवनारच्या कचऱ्याला आग लागली की
आठवडाभर वर्ग अर्धे असत.
मुलं कुठे तांबं वेचतात, मुली कुठे जरीचे मणी ओवतात,
मला ठाऊक होतं.
पण रकाना दीड इंचाचा.

आता हात दुखतो :
दहावी उत्तीर्ण, पुढील शिक्षणासाठी.
टिंबं मी बंद केली.
प्रत्येकाला पूर्ण लिहितो.

दोन वर्षांपूर्वी, जूनमध्ये, बैंगनवाडीची तय्यबा आली,
मुलीला पहिलीत घालायला.
अर्ज भरून झाला तरी उठेना.
म्हणाली, माझाही दाखला असेल ना इथे?
होता. सातवी, तुकडी ब.
टेबलापलीकडून तिने उलटं वाचलं, अडखळत,
आणि विचारलं, गैरहजर म्हणजे?
म्हटलं, न आलेली.

"मैं तो आती थी, सर.
दारापर्यंत रोज यायचे. भाऊ कडेवर असायचा.
शिपाईकाका म्हणायचे, बाळ घेऊन वर्गात बसता येत नाही."

ती चिडली नव्हती. नुसती माहिती देत होती,
घराचा पत्ता सांगावा तशी.

मी म्हटलं, यात खाडाखोड चालत नाही,
हे रजिस्टर कोर्टात पुरावा म्हणून जातं.
नियम खराच आहे.
पण तो सांगताना माझा आवाज
बाळ घेऊन बसता येत नाही म्हणणाऱ्यासारखा लागला.
म्हणून ड्रॉवर उघडला
आणि सतरा नंबरचा अर्ज तिच्यापुढे सरकवला.

तळमजल्यावर आता धाकट्यांची खोली आहे.
चौदा पाळणे, एक मावशी, भिंतीवर बदकं.
थोरल्या बहिणी मधल्या सुट्टीत डोकावून जातात
आणि घंटा झाली की वर पळतात.
पाहुण्यांना ती दाखवायची राहून गेली,
बाळं झोपलेली होती.
तय्यबाचा धाकटाही तिथेच असायचा, संध्याकाळी,
ती बीजगणिताला बसायची तेव्हा.

तिला एक्कावन्न टक्के पडले.
निकाल घेऊन आली तेव्हा काही बोलली नाही,
टेबलावर पेढा ठेवला, रजिस्टरापासून लांब,
तुपाचा डाग पडू नये म्हणून.

सतरा नंबरवाल्यांचे गुण
शाळेच्या टक्केवारीत धरत नाहीत.
तेव्हा फळ्यावरच्या त्या आकड्यात ती नाही,
पूर्णांकातही नाही, लाडवापुढच्या चारातही नाही.

शाईने मी काही केलं नाही.
तिच्या ओळीपुढे, समासात,
पेन्सिलीने तारीख घातली.
फक्त तारीख.
तपासणीला साहेब आलेच,
तर खोडरबर आहे ड्रॉवरमध्ये,
पण तो ड्रॉवर हल्ली
जरा अडकतो.