मुंडकार

कंपनीचा मेल आला तेव्हा मी डिचोलीच्या फार्मसीत
मुदत संपलेल्या गोळ्या वेगळ्या काढत होते.
प्रिय खेळाडू, असं लिहिलं होतं.
एकतीस मार्चला, भारतीय वेळेनुसार रात्री साडेनऊला
आमचे सर्व्हर विसावा घेतील.
विसावा. हाच शब्द.

डिस्क माझ्या कपाटात आहे.
म्हापशाला घेतली होती, सतराशे नव्व्याण्णवला.
पावतीची शाई उडालीय, नुसता पिवळा कागद उरलाय.
पण घेतली होती. उसनी नव्हती आणली.

त्या खेळात एक बेट होतं.
बेटावर मी आणि व्हर्ननने घर बांधलं,
आठ वर्षं, एकेक चिरा लावून.
व्हर्नन तारवटी. जहाजावर साडेतीनशे माणसांचे बटाटे सोलतो,
ज्या बंदरात नेट मिळेल तिथून यायचा,
कधी सहा मिनिटं, कधी अख्खी रात्र.
बल्कांव हा त्याचा हट्ट,
दोन्ही बाजूंना बसायचे सोपे.
मी म्हटलं, इथे बसायला येणार कोण?
तो म्हणाला, तू नि मी आलो ना.

शेवटच्या रात्री आम्ही तिथेच बसलो.
खेळातली भरती नेहमीसारखी पायरीपर्यंत आली.
नऊ एकोणतीसला त्याने टाईप केलं:
थांब, मी जरा दि
आणि पडदा करडा झाला.
दिवा? दिवस? दिलगीर?
नंतर फोनवर विचारलं, तर त्याला आठवेना.

मग सह्यांची मोहीम.
गोव्यात आम्ही अकराजण निघालो,
एक कुडचड्याचा इलेक्ट्रिशियन, एक काणकोणची गणिताची बाई,
सावईवेऱ्याचा एक मुलगा, ज्याला अजून मिशी नाही.
मागणी एवढीशी:
जन्मभर चालवा, असं नाही म्हणत.
जाताना किल्ली उंबऱ्यावर ठेवून जा.
पुढचं आम्ही बघू, आमच्या विजेच्या बिलात.

शुक्रवारच्या बाजारात कागद घेऊन उभी राहिले
सुक्या मिरच्या आणि मातीच्या बुडकुल्यांच्या मध्ये.
लोकांना वाटलं, खाणीविरुद्ध आहे. काहींना, खाणीच्या बाजूने.
दोन्हीकडच्यांनी सह्या केल्या, मी अडवलं नाही.
मिरचीवाल्या फेर्मिनाने मात्र नीट विचारलं,
"कोणाचें घर मोडटात?"
मी सांगितलं. खरं नाही, खेळातलं.
"तुमी रावतालीं न्ही थंय?
हाड हांगा."
तिच्या अंगठ्याला मिरचीची पूड होती,
कागदावर अजून आहे.

वकील प्रियोळकर म्हणाले, तुम्ही खेळ घेतलाच नाही,
परवाना घेतला. पान सत्तेचाळीस.
चष्मा पुसत म्हणाले, जागा त्यांची.

जागा त्यांची.
हे वाक्य आमच्या घरात जुनं आहे.
आजोबा आमोण्याला भाटकाराच्या माडांखाली राहायचे,
मोडकं कौल बदलायचं तरी विचारून.
एकदा भाटकाराचा माणूस पहार घेऊनच आला होता.
मग पंच्याहत्तरचा कायदा आला, आणि
जमीन त्याची, पण घरातून उठवायचं नाही, असं
पहिल्यांदा कोणीतरी कागदावर लिहिलं.
आजोबांना वाचता येत नव्हतं.
ते तो कागद तांदळाच्या डब्यात ठेवायचे.

मी म्हटलं, वकीलसाहेब, आम्ही मुंडकार आहोत.
ते हसले. मग हसायचे थांबले,
आणि पेन शोधू लागले.

पर्वरीच्या ग्राहक आयोगात तीन तारखा झाल्या.
पहिल्या दिवशी कंपनीचं कोणी आलं नाही.
दुसऱ्या दिवशी वीज गेली.
तिसऱ्या दिवशी सदस्यांनी विचारलं, नुकसान किती?
मी म्हटलं, सतराशे नव्व्याण्णव.
आणि एक बल्कांव.
लेखनिकाने विचारलं, बल्कांव लिहू?
कोणीच उत्तर दिलं नाही. त्याने लिहिलं की नाही, मला दिसलं नाही.

काल व्हर्ननने जहाजावरून फोटो पाठवला,
मेनूकार्डाच्या मागे त्रेचाळीस सह्या,
बऱ्याचशा फिलिपिनो, एक कॅप्टनची, तीही तेलकट.

रात्री मी डिस्क घातली.
ती फिरते. अजून फिरते, चांगली घरघरते.
सर्व्हर शोधत आहे, असं म्हणते.
मी कपड्यांच्या घड्या घातल्या, चादरी, उशांचे अभ्रे,
तिला थांब म्हटलं नाही.