थांबायची जागा

माळेगावच्या जत्रेत, घोडेबाजाराच्या मागं
आमची कनात लागायची.
मी विचारायचो, "पाव्हणं, कुठून आलाव?"
आणि सटवाजीनं तोंड उघडायच्या आधीच
पुढच्या रांगेतले तंबाखू थुंकून घ्यायचे,
हसताना ठसका नको म्हणून.

माझं काम एवढंच. विचारायचं.
उत्तरं त्याची.
बावीस वर्षं विचारलं,
एकदाही तो त्याच ठिकाणाहून आला नाही.
कधी हिंगोलीहून, कधी सासूच्या स्वप्नातून,
कधी पोलीस पाटलाच्या खिशातून.
त्याची धाकटी पोर गेली, त्या रात्री
"कुठूनच नाही" म्हणाला
आणि थांबला.
लोक हसले. लई हसले.
ढोलकीवर रज्जाकचा हात तेवढा चुकला.

मग सेलूच्या मुक्कामी एक जण आला,
पायात पांढरे बूट, चिखलातसुद्धा.
सटवाजीला पिक्चरमध्ये घेऊन गेला.
मला म्हणाला, प्रश्न विचारायला आमच्याकडं माणसं आहेत.

पहिल्याच दिवशी सटवाजी वाक्य बोलला नि थांबला.
"काका, थांबू नका."
"हसू द्या की त्यांना."
"कुणाला?"
त्यानं पाहिलं.
दिवे, एक छत्री, चहाची किटली घेतलेलं पोरगं.
रात्री एसटीडीवरून मला म्हणाला,
"लिंबाजी, हितं हसायची जागा कात्रीनं कापतेत."

नऊ पिक्चर केले. सातांत गडी,
एकात हवालदार, एकात नुसती पाठ.
पोस्टरवर नाव सगळ्यात खाली,
छापखान्याच्या जरासं वर.

नंतर मालिका. सहा वर्षं घरातले आबा.
त्याचं 'आलाव' घासून 'आलात' केलं,
धोतराला इस्त्री केली.
गंगाखेडच्या स्टँडवर बाया पाया पडायच्या,
"आबा, धाकल्या सुनेवर भरवसा ठेवू नका."
हा सोंगाड्या होता, हे त्यांना
सांगितलं तरी पटायचं नाही.
पैसा मात्र आला. खोटं कशाला बोलू,
माझ्या डोळ्याचं ऑपरेशन त्यानंच केलं.

मागच्या दिवाळीत आबांना मारलं.
भिंतीवर फोटो, प्लास्टिकचा हार.
सटवाजी गावी आला. माझ्यासोबत
सलूनमध्ये बसला, गालभर फेस,
वर टीव्हीत त्याच्याच फोटोपुढं
सून रडत होती.
"फोटोचे देतेत का काही?" मी विचारलं.
"हाराचे कापून घेतेत," म्हणाला.

मग मला राहवलं नाही.
आरशातल्या त्याच्याकडं बघून
जुन्या आवाजात विचारलं,
"पाव्हणं, कुठून आलाव?"

त्यानं फोटोकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं.
तोंड उघडलं
आणि थांबला.

न्हाव्याचं पोरगं, जन्मात तमाशा न पाहिलेलं,
त्यानं वस्तरा
गालापासून जरा लांब धरला.