निळं होण्याचं पाणी

पहिल्याच आठवड्यात मी दीड लिटर हिमॅटॉक्सिलिन
सिंकमध्ये ओतून दिलं.
रंग बिघडलाय, म्हटलं. काचा नळाखाली धरून
दहा मिनिटं झाली, तरी पेशींची केंद्रकं तांबडीच,
गंजल्या खिळ्यांसारखी.
तार्तूला एवढ्यात मी चार रॅक निळे करून
कॉफीसुद्धा प्यायले असते.

गुन्वोर काही बोलली नाही.
तिने मला तुरटी तोलायला बसवलं.

हा रंग एका झाडाच्या गाभ्यातला, मेक्सिकोच्या दलदलीतल्या.
कोऱ्या भुकटीला काही रंगवता येत नाही,
आधी पिकावं लागतं. जुनी माणसं बाटली
अढी लावल्यासारखी खिडकीत ठेवत
आणि दीड-दोन महिने तिकडे बघत नसत.
या फ्योर्डाकाठी ऑक्टोबरनंतर खिडकीत नुसतं राखाडी,
म्हणून आम्ही आयोडेटची चिमूट टाकून
ऊन उरकतो.
उकळी येते, वाइनचा रंग एकाएकी जांभळा,
वर धातूसारखी चकाकती साय.
ती रोज सकाळी गाळायची, नाहीतर काचेवर उतरते
आणि डॉक्टर हाल्व्हार फोन करून विचारतात,
"हे आतड्यात आहे की तुमच्या बाटलीत?"

चार मायक्रॉनची फीत कोमट पाण्यावर पसरते.
काच तिरकी खाली सरकवायची, श्वास धरून उचलायची.
रंगात आठ मिनिटं.
आम्लात एक बुडी. दुसरी लांबली की पुसलंच सगळं.
आणि मग नळ.

"आमच्या पाण्यात दगड नाही,"
तिसऱ्या दिवशी, तुरटी संपल्यावर, गुन्वोर म्हणाली.
"ग्रॅनाइटवरून नुसतं घसरत येतं. तुमचं
चुन्यात मुरलेलं."
तिने भांड्यात खायचा सोडा विरघळवला, चमचाभर.
अर्ध्या मिनिटात निळं.
ओतलेल्या बाटलीबद्दल आजतागायत एक शब्द नाही.

ईस्टरला घरी गेले, तेव्हा येताना
आईच्या नळाचं दोन लिटर आणलं.
"हे काय?" कस्टमवाल्याने विचारलं.
पाणी, म्हटलं.
तो काचेबाहेरच्या पावसाकडे बघत राहिला.

एकाच टॉन्सिलचे दोन छेद. एक सोड्यात,
एक माझ्या पाण्यात.
मग इओसिन, अल्कोहोल, झायलीन.
गुन्वोरने चष्मा कपाळावर सारून दोन्ही पाहिले,
परत पाहिले,
आणि रजिस्टरात बारीक अक्षरात लिहिलं:
नळाचं पाणी, परदेशी, दोन लिटर. उघडलं बुधवारी.
मुदतीचा रकाना कोराच.

शेवटचं कपभर मी न विचारता घरी नेलं, उकळलं.
सात वर्षं झाली, किटलीच्या तळाला
एक फिकट पांढरी कडा आहे.
तेवढी मी घासत नाही.