वळण

लडलोच्या बाहेर, सफरचंदांच्या बागांमधून
रस्ता इतका अरुंद की दोन्हीकडचं कुंपण
गाडीच्या खांद्याला घासतं.
सव्वीस वर्षं मी इथे माणसांना गाडी शिकवतो.
आरसा, इशारा, मग वळण.
आरसा, इशारा, मग वळण.

पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही,
एक मेंढी, तीही पाठ करून उभी.
"मग इशारा कुणासाठी?" केझाया विचारते.
सतरा वर्षांची. पहाटे चारला बेकरीत जाते,
नखांत अजून पीठ.
मी म्हणतो, हाताला कळत नसतं
रस्ता रिकामा आहे की भरलेला.
रोज त्याला जे दिलं, तेच तो गर्दीत परत देतो.

बोलून गेल्यावर लक्षात येतं, हे माझं नाहीच.
मिरजेच्या शाळेतल्या करमरकर बाईंचं आहे,
ज्या अक्षराला आणि पोराला
एकाच शब्दाने मोजायच्या.

चढावरच्या गल्लीत कड् असा आवाज.
उभ्या निळ्या व्हॅनचा आरसा,
त्यात आभाळाचे सात तुकडे.
दारं बंद. पडदे ओढलेले.
माझ्या जिभेवर वाक्य तयार असतं:
जुनीच तर व्हॅन आहे,
आणि तुझी परीक्षा मंगळवारी.

कारण एकदा, टेलफर्डच्या कारपार्कात,
रात्री साडेअकराला, पावसात,
एका पांढऱ्या गाडीचं दार मी खरवडलं,
आणि आरसा बघून, इशारा देऊन,
अगदी नियमाप्रमाणे निघून गेलो.

"पेन आहे?"
ती दोन बाजू तोलताना मला दिसली नाही.
शिंक यावी तसं तिने पेन मागितलं.
पावाच्या पिशवीवर, गुडघ्यावर धरून, लिहिलं:
नाव, फोन, चूक माझी,
पगार शुक्रवारी होतो.
हात थरथरत होता. ओळ उताराला लागलेली,
अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.
बाईंनी पाटी पुसायला लावली असती.
वळण म्हणून नव्हतं
त्या अक्षराला.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही,
असं आपण फक्त खोडीलाच का म्हणतो?
कुणी वळला असेल हा पीळ तिच्यात?
आई, बेकरीवाला, की रोज पहाटे
कोणी बघत नसताना मोजून घातलेलं मीठ?

मंगळवारी ती नापास झाली. चौकात घाई केली.
पुन्हा पहिल्यापासून, शनिवारी दहा वाजता.

किल्ली फिरवायच्या आधी
मी तिला टेलफर्डचं सांगितलं.
ती काही बोलली नाही. सीट पुढे घेतली,
आरसा स्वतःपुरता नीट केला.
मग, रस्त्याकडेच बघत:
"नंबर आठवतो गाडीचा?"

आठवतो.
अकरा वर्षं झाली,
अजून आठवतो.