उजवीकडची खिडकी

लेंगऱ्यात रेंज येते ती पाण्याच्या टाकीपाशी,
म्हणून चेन्नई ते विशाखापट्टणम
मी टाकीच्या पायरीवर बसून ठरवते.
एक तास वीस मिनिटं.
विट्याला जाऊन, बाजार करून, परतीची एसटी धरायला
याच्या तिप्पट लागतात.

सर्जादादाचा फोन परवा आला.
"आक्का, तेवढं विमानाचं बघ. ऐतवारचं.
आणि त्याला कळवू नगंस."
त्याला म्हणजे कुणाला, हे मी विचारलं नाही.
अकरा वर्षं आनंदाचं नाव त्याच्या तोंडात नाही.
पण धातू नरम पडायला लागला
की भाता जोरात मारायचा नसतो,
हे गलाईवाल्यांच्या घरात कुणी शिकवत नाही.

पहाटेचं स्वस्त आहे,
पण पहाटे त्याला खोकला असतो.
दुपारचं हैदराबादवरून, साडेपाच तास,
विनाकारण वळसा, आमच्या घराण्यासारखा.
दहा पन्नासचं बरं.
पंधरा किलो बॅगेत, सात किलो हातात.
मूस नेईल का तो बरोबर?
रिकामी असली तरी विचारतील, हे काय म्हणून.
ॲसिडचं तर नावच नको.
जत्रेला दिलेली शेंगाचटणी उरली असेल, ती चालते.
नाव आधारवर आहे तसंच हवं:
सर्जेराव ज्ञानू, पाटीवरचं सेठ नाही.
बोटांचे ठसे कुठल्याच मशीनवर उमटत नाहीत त्याचे,
चाळीस वर्षांत नायट्रिकनं खाल्ले.
तिथं आता चेहरा बघतात म्हणे.
चेहरा आहे.

जागा निवडा, असं आलं.
पोरीच्या भूगोलाचा नकाशा मांडीवर उलगडला.
चेन्नईहून वर जाताना समुद्र उजव्या हाताला.
मी समुद्र पाहिलेला नाही.
माझा किनारा टेंभूच्या कालव्याचा,
तोही पाणी सोडतात तेव्हा.
आणि दादा? समुद्रापासून दोन मैलांवर राहिला
नि तोंड कायम भट्टीकडं.
उजवीकडची खिडकी. तीनशे जास्त.
असू देत.

पैसे भरणार तोच फोन वाजला.
आनंदा.
"आक्का, विशाखापट्टणम ते चेन्नई बघ की गं.
ऐतवारी जाऊन येतो.
दादाला बोलू नगंस.
ती अडीच तोळ्याची घट
माझ्या भट्टीतली नव्हती, अजून सांगतो.
पण असंना.
त्याला दम लागतोय म्हणत होतं कोणतरी."

टाकीत पाणी पडत होतं, वरून, जोरात.
मला दोन विमानं दिसली.
दादा उजव्या खिडकीत, आनंदा डाव्या,
दोघांच्याही खाली तोच समुद्र,
आणि मच्छलीपट्टणमच्या आसपास कुठंतरी
एकजण दुसऱ्याला ओलांडून चाललेला,
दोन गावांत दोन कुलपं,
आणि कुलपांपुढं दोन माणसं
चटणीची पिशवी घेऊन उभी.

स्क्रीनवर चार मिनिटं उरली होती.
तेवढ्यात भाडं दोनशे दहानं वाढलं.

"सगळं फुल्ल आहे रे," मी म्हणाले.
आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याशी खोटं बोलले असं नाही,
पण इतकं सरळ पहिल्यांदाच.
"पुढच्या आठवड्यापर्यंत एक जागा नाही.
तू घरीच थांब.
ऐतवारी मटण आण. किलोभर."
"आम्ही तिघं माणसं. किलोभर कशाला?"
"आण म्हटलं ना."
तो गप्प झाला.
मग म्हणाला, "हाडाचं आणू का बिनहाडाचं?"
दादाला नळी लागते, हे त्याला ठाऊक आहे.
"हाडाचं," मी म्हणाले.
बराच वेळ फोन तसाच चालू राहिला.

मग पैसे भरले. सतरा एफ.
टाकी भरून वाहायला लागली होती,
पायरी भिजली, नकाशाचा एक कोपराही.
मोटर बंद करायला आसपास कुणी नव्हतं.
मीच उठले.