कूलरच्या खोक्यावर

काम खरं तर रुंजी धकातेचं, सहावी ब,
सुट्टीतला प्रकल्प : टाकाऊपासून टिकाऊ.
तिसऱ्या दिवशी म्हणाली, "काकू, मले कंटाळा आला,"
आणि गेली मामाकडे, तुमसरला.
खोकं माझ्याकडेच राहिलं.
नव्या कूलरचं, उघडून पसरलं
तर पलंगाएवढं.

मे महिना. अकरानंतर गल्लीत कुत्रंसुद्धा नसतं.
खिडकीला ओली चादर लावली, ती
मी पाठ फिरवेपर्यंत वाळली.
अशा दुपारी झोपावं माणसानं.
मी नागपूर करायला बसले.

मैद्याची खळ शिजवली. चिमूटभर मोरचूद,
झुरळं शहर खाऊन टाकू नयेत म्हणून.
बाबा ताण्याला लावायचे ती खळ वेगळी,
पण भांड्याच्या बुडाशी लागल्यावर
वास तोच.
माग विकला त्याला चोवीस वर्षं झाली.
बोटांना कोणी सांगितलंच नाही बहुतेक.

फुटाळ्याला बीपीच्या गोळ्यांची चांदी.
जिथून गोळी निघाली तिथं एकेक खळगा,
वारा सुटल्यावर पाणी दिसतं तसा.
टेकडीला गेल्या वर्षीच्या ताटीतला वाळा,
काळा पडलेला, शिंपडलं तर अजून बोलतो.
बर्डीवर शेंगांची टरफलं,
कारण बर्डीला जाऊन आम्ही दुसरं काय आणलं?
इतवारीत लग्नपत्रिकांवरचे सोनेरी गणपती,
अकरा, सोंडेला सोंड लागलेली,
वर चिकटवलेली दोन विजेची बिलं.

नागनदीला काय लावावं कळेना.
शेवटी चहाचा चोथा वाळवून पसरला.
रुंजी असती तर निळा कागद म्हणाली असती.
ती वरच्या मजल्यावर राहते.

रेल्वेचं मात्र पहिल्यापासून डोक्यात होतं.
उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम
रूळ एकमेकांना जिथं कापतात, ती फुली.
यादवराव एकतीस वर्षं त्याच यार्डात सांधेवाले.
त्यासाठी दोन चेनी हव्या,
एक आडवी, एक उभी, दातांसकट.
एक माझ्या फाटक्या पर्सची मिळाली.

आणि एक किल्ली होती.
आमच्या पहिल्या खोलीची. ती खोली
रस्ता रुंद झाला त्यात गेली, कुलूपही गेलं,
किल्ली डब्यात, बटणांबरोबर.
बरोब्बर जागेवर चिकटवली.
रात्री टण्ण.
पुन्हा लावली, खळ जरा घट्ट करून.
रात्री टण्ण.
"उंदीर हाये," यादवराव झोपेत म्हणाले.
चौथ्या दिवशी उचलली तर खालच्या खळीत
तिचा ठसा उठलेला, दाते, कडी, सगळं,
वाळून टणक.
मग तो तसाच ठेवला.

संध्याकाळी ते दारात उभे, पॅन्ट हातात,
"काऊन वं, माह्या पॅन्टची चेन कुठं गेली?"
मी काही बोलले नाही. बोट दाखवलं.
चष्मा लावला. गुडघ्यावर हात टेकत
खाली बसले, आधी एक गुडघा, मग दुसरा.
बर्डी बघितली नाही, फुटाळा बघितला नाही.
सरळ फुलीशी गेले.
उभ्या चेनीचा खटका मध्येच अडकला होता,
खालचे दात उघडे.
"असा सांधा उघडा ठेवतेत का?
गाडी उतरंन ना."
अंगठ्यानं खटका सावकाश पुढे सरकवला,
शेवटपर्यंत. थांबले. मान थोडी तिरपी,
ऐकत असल्यासारखी.

मग पॅन्टला सेफ्टी पिन लावून
वांगी आणायला गेले.
परत आले तेव्हा वांगी होती, सांभार होता.
मी डबा बंद करायला घेतला,
बटणं मोजली नाहीत, पण किल्ली नव्हती.
विचारलं नाही.
जिन्यावरून चढताना त्यांच्या खिशात
काहीतरी सुट्ट्या पैशांवर वाजत होतं.