तिसरं कडवं

रोझलीन टीचर दोन कीबोर्ड घेऊन आल्या रिक्षातून,
जुना चादरीत, नवा खोक्यात,
मध्ये स्वतः, गुडघे आवळून.
जुन्याचा आवाज गेलाय. माळ्यावर ओल लागली.
पण पोटात अजून अकरा गाणी आहेत, म्हणाल्या,
इनासनं वाजवून भरलेली,
जहाजावर जायच्या आदल्या आठवड्यात.
"तेवढी ह्याच्यात ओत की. नाताळाला महिनाच राहिलाय."

ओत म्हणजे, टीचर, हे दूध नव्हे.
ह्या पाच पिनांच्या वायरीतून आवाज जात नाही.
जातं ते एवढंच:
कुठली पट्टी, केव्हा दाबली, किती जोरात
आणि केव्हा सोडली.
बाकी सगळं पलीकडच्यानं आपल्या गळ्यानं म्हणायचं.

पहिला तास वायरीत गेला.
आउटला आउट भिडवलेलं कुणीतरी,
दोघंही बोलायलेत, ऐकायला कोणी नाही.
खानापूरच्या स्टँडवर हे रोजचंच.

फिरवली. नव्याचा दिवा लुकलुकला,
आवाज मात्र नाही.
आमचा मंजुनाथ स्पीकरला कान लावून:
"सौंड बरवल्दु री."
दिवा लागतोय म्हणजे निरोप पोचतोय,
दारापर्यंत येऊन परत चाललाय.
जुना पाठवायलाय तीन नंबरवर,
नव्याचे कान एक नंबरवर.
एकाचे तीन केले
आणि पाळण्याचं गाणं आलं
वरातीच्या पितळी बाजात!

टीचरांचा हात कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना.
मंजुनाथ "बंतु री, बंतु!" म्हणत नाचायला.
जुन्याच्या बाविसात ऑर्गन राहायचा,
नव्याच्या बाविसात बँडवाले राहायला आलेत.
नंबर तोच.
हेस्कॉमच्या बिलावर मीसुद्धा
कुणी दुसराच आहे, पैसे तेवढे बरोबर भरतो.

चारला लाइट गेली, आली, वायर हलली
आणि एक टीप अडकली.
"सोडली" हा निरोप कुठंतरी वाटेतच पडला.
पट्टीवर बोट नाही.
बोट मस्कतच्या पुढं, कुठल्या तरी डेकवर
दोर ओढत असेल,
आणि इथं कौलांच्या भट्टीमागच्या ह्या गाळ्यात
त्याचा कोमल नी
वाजतोय, वाजतोय, श्वास न घेता.
मी टीचरांकडं बघितलं.
"बंद कर," म्हणाल्या,
"असाच होता तो. जेवायला हाक मारली तरी उठायचा नाही."

मग रेकॉर्डिंग. तांबडा दिवा लावून
नवा नुसता बसून राहिला.
त्याला आतला ताल सोडून
बाहेरच्याच्या तालानं चाल म्हणून सांगावं लागतं,
ते मेनूत खोल सातव्या पानावर असतं,
आणि मला चष्मा लागलाय हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

अंधार पडता पडता अकराच्या अकरा उतरली.
फक्त पाळण्याच्या गाण्यात
तिसऱ्या कडव्याला इनास पळतो.
दर वेळी तिथंच.
"साडेसातची लोंढ्याची गाडी," टीचर म्हणाल्या,
"तिसरं कडवं आलं की त्याला तीच दिसायची."

एक बटण आहे, मी सांगितलं,
दाबलं की सगळ्या टिपा रांगेत उभ्या राहतात,
शाळेच्या प्रार्थनेसारख्या.
पण मग तो...
"दाब," त्या म्हणाल्या.
"दहा वर्षं कॉयर त्याच्या मागनं धापा टाकायलंय."
दाबलं.
अडीचशे रुपये झाले. दोनशे घेतले.

पुढच्या रविवारी स्पीकर पोचवायला गेलो
तर तालीम चालू होती.
पहिलं कडवं बरोबर. दुसरं बरोबर.
तिसऱ्याला सगळीच्या सगळी सुटली,
बायका, पोरं, तो जाड आवाजाचा कंपाउंडर,
ज्यांना कुठलीच गाडी धरायची नव्हती,
आणि कीबोर्ड
दोन मात्रा मागं,
सरळ, एकटा,
चालत येत होता.